जुन्या वस्तऱ्याचे घासकाम : नागपुरातल्या एका उन्हाळ्याचा अनुभव

माझ्या सासऱ्यांचे मागच्या नोव्हेंबरमध्ये निधन झाले आणि संक्रांतीनंतर त्यांची पत्र्याची पेटी आवरताना दाढीच्या सामानात एक घडीचा वस्तरा निघाला. पाते गंजाने तपकिरी झालेले, मुठीच्या पट्ट्या पिवळसर पांढऱ्या आणि एका टोकाला तडकलेल्या, आणि पात्याच्या मागच्या दांड्यावर जर्मनीतल्या सोलिंगेन गावाचा शिक्का, जो अंगठ्याने पुसल्यावर कसाबसा वाचता आला. तो भंगारात द्यावा किंवा आहे तसा काचेच्या कपाटात ठेवावा, असे घरातल्यांचे मत पडले. मला मात्र तो पुन्हा दाढी करण्याजोगा होतो का, हे पाहायचे होते. महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून नोकरी झालेली असल्याने कॅलिपर, कानस आणि पॉलिश पेपर यांची हाताला सवय होती, वस्तऱ्याची नव्हती. या कामाविषयी मराठीत सलग लिहिलेले मला काही सापडले नाही, आणि इंग्रजीत जे सापडले त्यातल्या निम्म्या वस्तू इथल्या इतवारी बाजारात वेगळ्याच नावाने मिळतात, म्हणून जानेवारीपासून जूनपर्यंतचा हा क्रम लिहून ठेवत आहे.

घरच्या वस्तऱ्यावर थेट हात टाकण्याआधी सरावासाठी दुसरा एखादा वस्तरा घ्यावा, असे ठरवले. शनिवारी नावाच्या भागातल्या जुन्या सामानाच्या बाजारात, कुलुपे, अडकित्ते आणि तुटक्या कात्र्यांच्या ढिगात, जोसेफ रॉजर्सच्या शिक्क्याचा, इंग्लंडमधल्या शेफील्डचा एक वस्तरा मिळाला. विक्रेत्याने सहाशे सांगितले, साडेतीनशेला दिला. ज्यांना हे काम करून पाहायचे आहे त्यांनी असा एक सरावाचा वस्तरा जरूर घ्यावा. घरातल्या वस्तूवर हात थरथरतो आणि थरथरत्या हाताने घासलेले पाते एकसारखे होत नाही.

दोन्ही वस्तरे दिवाणखान्यातल्या मेजावर ठेवून आधी फक्त पाहिले. सराफा ओळीतून २८० रुपयांना दहापट मोठे दाखवणारे भिंग आणले होते, ते या सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगी पडले. पाहायचे असते ते मुख्यतः तीन गोष्टींसाठी. पात्याला केसासारखी बारीक चीर आहे का, हे पहिले. त्यासाठी पाते मोकळे धरून पाठीवर नखाने टिचकी मारावी, स्वच्छ नाद आला तर बहुधा चीर नसते, बद्द आवाज आला तर भिंगाखाली धारेच्या कडेने नीट शोधावे. दुसरे म्हणजे गंजाने पडलेले खड्डे धारेपासून किती लांब आहेत. पात्याच्या मधोमध खड्डा असला तर तो केवळ दिसण्याचा प्रश्न असतो, पण धारेच्या शेवटच्या मिलीमीटरभर पट्टीत खड्डे असतील तर दगडावर धार काढताना ते उघडे पडतात, तिथे धार तुटकी राहते आणि ती गालाला ओरबाडते. तिसरे, पाठ दोन्ही टोकांना सारखी जाड आहे का. सासऱ्यांच्या वस्तऱ्यात खड्डे पाठीकडे आणि शिक्क्याजवळ होते, धारेजवळ एक-दोनच, तेही उथळ. रॉजर्सच्या धारेला मात्र टोकाकडच्या तिसऱ्या हिश्श्यात खड्ड्यांची रांगच लागलेली होती. तो दाढीला येणार नाही हे त्याच दिवशी कळले आणि म्हणूनच तो सरावाला उत्तम ठरला.

शिक्क्यांवरून वयाचा अंदाज बांधता येतो, पण जपून. ब्रिटनमध्ये १८८७ साली व्यापारी चिन्हांचा कायदा झाला, त्यामागे शेफील्डच्या कारखानदारांची मोठी तक्रार हीच होती की जर्मन माल त्यांच्यासारखे शिक्के मारून विकला जातो; हिंदुस्थानातही १८८९ मध्ये तसाच कायदा आला आणि अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. त्यामुळे 'जर्मनी' किंवा 'इंग्लंड' असे देशाचे नाव ठळकपणे असेल तर वस्तरा बहुधा त्यानंतरचा असतो. सोलिंगेन या नावाला तर जर्मनीत १९३८ पासून स्वतंत्र कायद्याचे संरक्षण आहे. आमच्या वस्तऱ्यावर गावाचे आणि देशाचे अशी दोन्ही नावे होती. सासऱ्यांच्या तरुणपणी तो घेतला गेला असावा असे धरून मी पुढे गेले. याहून नेमके काढायचा हट्ट धरला नाही.

खरा अडसर पात्याचा नव्हताच, तो मुठीचा होता. पांढऱ्या पिवळसर पट्ट्या पाहून दिरांनी सहज विचारले, "वहिनी, हा हस्तिदंत तर नाही ना?" आणि तिथून तीन आठवडे काम थांबले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताच्या आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताच्याही व्यापाराला देशात बंदी आली. घरात वारशाने आलेली वस्तू ठेवता येते, पण वारशाने मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसे घोषित करावे लागते. सासऱ्यांना जाऊन तेव्हा दोन महिने उलटून गेलेले होते. म्हणजे हस्तिदंत असता तर हातात फार दिवस नव्हते, आणि घोषित न करता त्यावर कानस चालवणे हा शहाणपणा ठरला नसता.

राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचे कार्यालय नागपुरातच, सिव्हिल लाइन्समधल्या वन भवनात आहे, ही आमची सोय. साधा अर्ज केला, त्याला वस्तऱ्याची चारही बाजूंची छायाचित्रे, माझ्या आधारची प्रत आणि सासऱ्यांच्या मृत्यू दाखल्याची प्रत जोडली, आवक खिडकीवर दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच घ्यायला विसरू नये. मुदतीचा प्रश्न असेल तेव्हा तारखेचा तो शिक्काच आपल्या बाजूने बोलतो. प्रत्यक्ष वस्तू घेऊन यायला सांगितले गेले तेव्हा फेब्रुवारी लागला होता. तोवर मी घरी वाचून जी ओळख करून घेतली होती तीच तिथे कामी आली. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. हाडावर काळपट सूक्ष्म छिद्रे आणि रेघा दिसतात. आणि हस्तिदंताची नक्कल करणाऱ्या सेल्युलॉइडवर रेषा असतात खऱ्या, पण त्या पट्टीने आखल्यासारख्या समांतर असतात. आमच्या पट्टीच्या तडकलेल्या टोकाशी भिंग धरले तेव्हा रेषा समांतर होत्या. शिवाय पट्टी अंगठ्याने जोरात चोळून नाकाशी नेली की कापराचा वास येत होता, आणि सेल्युलॉइडमध्ये कापूर असतोच. तिथल्या अधिकाऱ्यांनीही भिंगातून पाहिले, हा हस्तिदंत नाही असे तोंडी सांगितले. लेखी काही मिळाले नाही, कारण हस्तिदंत नसलेल्या वस्तूशी त्या खात्याचा संबंधच उरत नाही. मी परत येताना रामगिरीच्या रस्त्यावर पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. तापवलेली सुई टोचून पाहण्याचा एक उपाय ठिकठिकाणी सांगितला जातो, तो मात्र कोणी करू नये. सेल्युलॉइड चटकन पेट घेते.

सेल्युलॉइड निघाले याचा दुसरा अर्थ असा की पात्यावरच्या गंजाचे कारणही सापडले. हे द्रव्य जुने झाले की विघटन पावते, त्यातून नायट्रोजनची आम्लधर्मी वाफ सुटते आणि हवेतल्या ओलाव्याशी मिळून ती पोलादाला खाते. मूठ मिटून बंद डबीत ठेवलेल्या वस्तऱ्याचे पाते वर्षानुवर्षे त्या वाफेत होते. जिथे पट्ट्या पात्याला लागून होत्या नेमके तिथेच खड्डे जास्त का, याचा उलगडा झाला. म्हणून तडकलेल्या, चिकट झालेल्या किंवा तिखट वास येणाऱ्या सेल्युलॉइडच्या मुठी पात्यापासून काढाव्यात आणि इतर धातूच्या वस्तूंपासूनही लांब, हवेशीर जागी ठेवाव्यात. आमची जुनी मूठ मी कागदात गुंडाळून बाल्कनीतल्या फळीवर ठेवली, टाकवली नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस इतवारीत चौकशीला गेले. भांडी चमकवणाऱ्या एका बफिंगच्या दुकानात पाते दाखवले तेव्हा कारागिराने ते हातात घेऊन उजेडात फिरवले आणि परत दिले. "ताई, हे बफावर नाही धरत मी. एक तं उडून जाईल हातातून, अन् नाही उडालं तं धार जळून जाईल जी." दहा मिनिटांचे काम नाकारून त्याने मला खरा सल्ला दिला, आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत. वस्तऱ्याचे पोलाद साधारण एक टक्का किंवा थोडे जास्त कार्बन असलेले असते. कडक केल्यावर ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी केलेला असतो. त्याहून जास्त तापले की कडकपणा जातो. साधारण २२० अंशांना पोलादावर फिकट गवती रंग येतो, ३०० च्या आसपास निळा. पाठ जाड असल्याने उष्णता झेलते, पण धारेकडचा भाग इतका पातळ असतो की फिरत्या चाकावर तो काही क्षणांत त्या तापमानाला पोचतो आणि निळा पडलेला भाग पुन्हा कधी धार धरत नाही. यंत्र वापरायचेच असेल तर पाते उघड्या बोटांनी धरावे आणि चटका जाणवण्याआधी थांबावे असे सांगतात. मी यंत्राच्या वाटेला गेलेच नाही.

सामान बहुतेक लोहा ओळीतून घेतले. दुकानात 'सँडपेपर' मागितला तर लाकडाचा कोरडा कागद पुढे येतो; आपल्याला लागतो तो पाण्यात चालणारा काळा कागद, ज्याला दुकानदार वॉटर पेपर म्हणतात. जॉन ओकीचे २२०, ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५०० आणि २००० असे प्रत्येकी तीन-चार ताव घेतले, नग वीस ते तीस रुपयांच्या दरम्यान पडला. आकडा जितका मोठा तितका कण बारीक. कागदामागे आकड्याआधी 'पी' छापलेले असेल तर ती युरोपीय मोजणी असते. तिच्यात ४०० म्हणजे सुमारे ३५ मायक्रॉनचा कण आणि २००० म्हणजे सुमारे १० मायक्रॉनचा. दोन मोजण्या एका कामात मिसळू नयेत, कारण बारीक आकड्यांत त्यांचा फरक वाढत जातो. याशिवाय शिलाई मशीनचे तेल, मास्किंग टेप, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, बाटलीची बुचे, शाळकरी खोडरबर, पितळेची दीड मिलीमीटरच्या आसपासची तार आणि ऑटोसोल या धातू चमकवायच्या पॉलिशची एक नळी, असे सगळे मिळून साडेअकराशेच्या आत आले. मास्क आणि घट्ट बसणारे रबरी हातमोजे घरात होते.

मुठीच्या पिना काढणे हे काम ऐकायला अवघड, करायला सोपे आहे. पिनेचे ठोकलेले डोके बारीक कानशीने सपाट करायचे, मधोमध टोच्याने खूण करायची आणि हातड्रिलने थोडेसे पोखरून पिन मागून ठोकून बाहेर काढायची. सेल्युलॉइडचा भुसा पेटता असतो, म्हणून कानस हळू चालवली आणि जवळपास काही पेटते ठेवले नाही.

सुटे झालेले पाते कोमट पाण्यात, भांड्याच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने धुतले. इथे व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात रात्रभर बुडवून ठेवण्याचा सल्ला हमखास मिळतो. आम्ल गंज खाते हे खरे, पण गंज संपल्यावर ते थांबत नाही. चांगल्या पोलादाचाही वरचा थर खाऊन ते राखाडी करते आणि शिक्क्याच्या अक्षरांच्या कडा बोथट होतात. विळ्याला हा उपाय चालेल, वस्तऱ्याला नाही. मी तेल लावून एक दिवस मुरू दिले आणि सुटा झालेला गंज पितळी पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढला. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्याने ओरखडा पडत नाही.

घासकाम मार्चच्या मध्यावर सुरू केले. सागवानाच्या एका फळकुटाला पात्याच्या पोकळीला जुळेल असा हलका फुगवटा देऊन त्यावर पाते दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवले, पाठ माझ्याकडे, धार पलीकडे. धारेला आधी काचेच्या कडेवर अलगद फिरवून बोथट केले होते आणि वरून मास्किंग टेप लावली होती. धार काय, शेवटी दगडावर नव्याने काढायचीच असते. फळकुटाचा आधार फार महत्त्वाचा आहे. पाते पोकळ घासलेले असते, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजू आतून खोलगट असतात, आणि मधोमध बोटाने दाब दिला की ते वाकते. अधांतरी धरून घासताना मोडलेल्या पात्यांची छायाचित्रे मी पुष्कळ पाहिली आहेत.

कागद किती खरखरीत घ्यायचा हा प्रश्न सगळेच विचारतात. माझी रीत अशी, की आधी ४०० ने शिक्क्यापासून दूर एक बोटभर जागा घासून पाहायची. काळे डाग उठून आले आणि खड्ड्यांचे काठ नाहीसे होऊ लागले तर तिथूनच सुरुवात. सासऱ्यांच्या वस्तऱ्याला ३२० पुरला, रॉजर्सला २२० लागला. कागदाची दोन बोटे रुंद पट्टी कापून ती बुचाभोवती गुंडाळायची, तेलाचा थेंब टाकायचा आणि पाठीकडून धारेकडे, एकाच दिशेने, दाब सारखा ठेवून ओढायचे. पुढचा कागद घेतला की दिशा बदलायची, टाचेकडून, म्हणजे मुठीकडच्या बाजूकडून, टोकाकडे. आधीच्या कागदाचे उभे ओरखडे आडव्यांत लगेच ओळखू येतात, आणि जोवर एकही उभा ओरखडा दिसतो तोवर पुढे जायचे नाही. ही दिशा बदलण्याची शिस्त नसेल तर २००० वर पोचून भिंग लावले की २२० चे ओरखडे खाली बसलेले दिसतात, आणि मग सगळे मागून पुन्हा.

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि मन इथेच खचते. पहिल्या कागदावर पंधरवडा गेला तरी पाते सुंदर दिसायला लागत नाही, उलट आधीपेक्षा वाईट दिसते; गंजाचा तपकिरी रंग निदान एकसारखा होता, आता राखाडी पट्टे आणि काळे ठिपके. नवरा रोज संध्याकाळी डोकावून "झालं का?" विचारायचा आणि मी नाही म्हणायचे. तरीही माझे मत असे की एकूण श्रमांतले दोन तृतीयांश पहिल्या दोन कागदांवर खर्च करावेत. पुढचे कागद फक्त आधीच्याचे ओरखडे मिटवतात, खड्डे मिटवायची ताकद त्यांच्यात नसते.

मात्र सगळेच खड्डे मिटवायचे नसतात. पात्यावर खड्डा जितका खोल तितके आजूबाजूचे पोलाद खाली आणावे लागते, आणि पोकळ पात्यात ते फारसे नसतेच. पाठीवर तर आणखी जपावे लागते. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की त्याची धार आणि पाठ एकाच वेळी दगडाला टेकतात, म्हणजे धारेचा कोन पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्यावरून आपोआप ठरतो. आमच्या वस्तऱ्याची पाठ कॅलिपरवर ४.५ मिमी आणि रुंदी १५.५ मिमी भरली; त्यावरून कोन साडेसोळा अंश येतो. पाठ चकचकीत करण्याच्या नादात तिची जाडी ०.२ मिमीने उतरवली तर तोच कोन पावणेसोळा होतो, आणि एका टोकाला जास्त उतरली तर धार दगडावर सरळ बसतच नाही. म्हणून पाठीच्या दोन्ही कडांना, जिथे दगड टेकतो तिथे, मी ६०० पेक्षा खरखरीत कागद लावला नाही. तिथले दोन काळे डाग अजून तसेच आहेत.

शिक्क्याशेजारी बोटाऐवजी खोडरबराचा नखाएवढा तुकडा वापरला. मऊ बोटाने घासले की कागद अक्षरांच्या खाचेत दबतो आणि कडा गोल होतात. मागे टणक आधार असला की कागद वरच्या पातळीवरच राहतो. पात्याच्या अंगावर सोनेरी मुलाम्याची किंवा आम्लाने कोरलेली अक्षरे असतील तर त्यांना कागद तर सोडाच, ब्रासोही लावू नये. मुलामा इतका पातळ असतो की नुसत्या पॉलिशने निघून जातो. आमच्या वस्तऱ्यावर तसे काही नव्हते, रॉजर्सवर असावे अशी पुसट खूण होती, ती मी टेपखाली झाकून वगळली.

एप्रिल आला आणि नागपूरच्या उन्हाने वेळापत्रक ठरवून टाकले. पाण्यावर घासायचे म्हटले तर दुपारी कागदावरचे पाणी डोळ्यांदेखत वाळते, तेलावर घासायचे म्हटले तर घामाचा थेंब पात्यावर पडतो आणि घामातले मीठ तासाभरात गंजाचा ठिपका उमटवते. मी पहाटे साडेपाच ते आठ एवढाच वेळ ठेवला, कपाळाला रुमाल बांधला आणि प्रत्येक बैठकीनंतर पाते साबणाने धुऊन, कोरडे पुसून, तेलाचा हात फिरवला. कूलरसमोर बसून हे काम करू नये. तो दमट हवा थेट पात्यावर फेकतो. कागदाचा काळा चिखल दोन कागदांच्या मध्ये पूर्ण धुतला गेला पाहिजे, कारण ४०० चा एक कण १००० च्या कागदाखाली अडकला तर त्याने पडलेली रेघ काढायला सकाळ जाते. बोटांना कापले ते धारेने नाही, कागदाच्या कडेने. पट्ट्यांचे कोपरे कात्रीने गोल करून घेतल्यावर ते थांबले.

८०० च्या पुढे काम भराभर जाते. १५०० वर पात्यात खिडकीचे गज दिसू लागले, २००० वर माझा चष्मा. त्यानंतर ऑटोसोल मऊ सुती चिंधीवर घेऊन, आणि सर्वांत शेवटी सराफ्यात मिळणाऱ्या हिरव्या वडीचा हात. ती हिरवी वडी म्हणजे क्रोमियम ऑक्साइड. शेफील्डचे जुने कारागीर शेवटचा हात क्रोकसने, म्हणजे लोहाच्या लाल ऑक्साइडने देत, आणि तिथल्या उंची मालाची ती काळसर खोल चमक त्या पद्धतीची ओळख होती. लाल वडीही सराफ्यात मिळते. रॉजर्सवर तीच वापरायचा मोह झाला, पण खड्ड्यांनी भरलेल्या पात्यावर आरशासारखी चमक आली की खड्डेच आधी दिसतात. त्याला ६०० वर थांबवून, पाठीकडून धारेकडे एकसारख्या रेघा ओढून मंद झळाळी ठेवली, आणि दोन्हींत मला तोच अधिक देखणा वाटतो.

नव्या मुठीसाठी शिसवीच्या तीन मिलीमीटर जाडीच्या दोन पट्ट्या महाल भागातल्या एका सुताराकडून कापून घेतल्या, दीडशे रुपये. त्यांना आकार देणे, भोके पाडणे आणि पितळी तारेची टोके हलक्या हातोडीने, टिचक्यांनी ठोकून पसरवणे यात मेचा पहिला आठवडा गेला. एक दणका देण्यापेक्षा पन्नास टिचक्या द्याव्यात. दणक्याने तार वाकते आणि लाकूड चिरते.

दगडावरची धार मी स्वतः काढली नाही. महालातच एक वृद्ध सलूनवाले काका आहेत, ज्यांनी तरुणपणी धोकटी घेऊन घरोघर जाऊन दाढ्या केल्या आहेत. एड्सविषयी जागृती झाली तशी सलूनमध्ये अर्ध्या पत्तीचे वस्तरे आले आणि त्यांचे जुने वस्तरे खणात गेले. त्यांनी आमचे पाते डोळ्यांसमोर धरले, पाठीवरून अंगठा फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला, "पाठ घासली तं नाही ना जास्त?" कॅलिपरचे आकडे मी वहीत लिहून नेले होते, त्यांनी वही पाहिली नाही, पाते दगडावर ठेवून दोन्ही टोके टेकतात का तेवढे पाहिले. चार दिवसांनी बोलावले. त्या उथळ खड्ड्यांतला एक दगडावर निघून गेला होता, एक टाचेजवळ राहिला होता आणि तेवढा भाग दाढीत वापरू नका असे त्यांनी नखाने दाखवून सांगितले. दोनशे रुपये घेतले. चामड्याच्या पट्ट्यावर पाते कसे फिरवायचे, म्हणजे पाठ पुढे, धार मागे, आणि वळताना पाठीवरच उलटायचे, हे नवऱ्याला शिकवले ते त्या दोनशेत धरले नाही.

पहिली दाढी जूनच्या पहिल्या रविवारी झाली. त्याआधी पाते स्पिरिटने पुसले. जुना वस्तरा कोणाकोणाच्या गालाला लागला असेल हे माहीत नसते, त्यामुळे ही पायरी गाळू नये, आणि मुठीच्या आतली बाजूही पुसावी. गालांवर वस्तरा नीट चालला, हनुवटीखाली थोडा ओढला. काकांचे म्हणणे, पट्ट्यावर आणखी फिरवा, हात बसेल.

हिशेब लिहिते. सरावाचा वस्तरा ३५०, भिंग २८०, कागद, तेल, तार, पॉलिश असे सामान साडेअकराशेच्या आत, शिसवी १५०, धार २००, आणि अर्जाच्या प्रती व छायाचित्रे मिळून ९० च्या आसपास. म्हणजे सव्वादोन हजारांच्या थोडे आत. कागद निम्मे उरले आहेत.

मृग लागल्यापासून इथली हवा पालटली आहे, आणि उघड्या पोलादाला पावसाळ्यात एक रात्रही पुरते. दाढी झाली की पाते धुऊन, कोरडे पुसून, तासभर उघडे ठेवावे आणि मगच मिटावे. पिनेच्या सांध्यात पाणी अडकते, तिथे तेलाचा थेंब सोडावा. चामड्याच्या म्यानात किंवा मखमली डबीत पावसाळाभर ठेवू नये, ती ओल धरतात. आमचा वस्तरा सध्या तेल लावून, मेणकागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह स्टीलच्या डब्यात आहे, आणि रॉजर्सला वेगळा डबा आहे. पुड्या कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात, पण मग ती कढई स्वयंपाकाला घेऊ नये.